स्टीअरिंगवरचे बोलण्याचे बटण: गाडीतून फोन करण्याविषयी सविस्तर उत्तर

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. आपले ६७ वर्षांचे वडील महिन्यातून दोन-तीन वेळा पुण्याहून कोल्हापूरला स्वतः गाडी चालवत जातात. नव्या गाडीच्या स्टीअरिंगवर एक बटण आहे आणि ते दाबून नाव घेतले की फोन लागतो, असे गाडी देताना त्यांना सांगण्यात आले. प्रत्यक्षात बरीच नावे यंत्रणेला कळत नाहीत, फोन लागलाच तर पलीकडच्या माणसाला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो, आणि मुळात चालत्या गाडीत हे सगळे करावे का, ही आपली खरी चिंता आहे. जुनी गाडी चुलतभावाला देणार असल्याचेही आपण शेवटी लिहिले आहे. त्या एका वाक्याकडेही मी येईन, कारण त्यात आपल्याला न जाणवलेले एक काम दडलेले आहे.

गाड्यांमधील ऑडिओ आणि फोनजोडणीचे काम मी १९ वर्षे करतो आहे. त्यातला मोठा भाग तारा जोडण्यात नव्हे, तर नव्या गाडीच्या मालकाशेजारी बसून ही यंत्रणा समजावून देण्यात गेला. त्या अनुभवावरून एक गोष्ट मी ठामपणे सांगतो. या यंत्रणेचे जवळजवळ सगळे काम गाडी घराखाली उभी असताना करायचे असते. ते नीट झालेले असेल तर रस्त्यावर एक बटण आणि एक नाव एवढेच शिल्लक राहते. ते झालेले नसेल तर हात मोकळे राहतात खरे, पण चालक ऐंशीच्या वेगाने जाता जाता यंत्राशी वाद घालत बसतो, आणि माझ्या मते तो प्रकार फोन हातात धरण्याइतकाच वाईट आहे.

पहिल्यांदा हे पाहावे की बटण दाबल्यावर ऐकते कोण. आजच्या बहुतेक गाड्यांत ऐकणारे दोघे असतात. एक गाडीची स्वतःची यंत्रणा, जी ब्लूटूथवरून फोनमधली नावे आपल्याकडे उतरवून घेते आणि ठरावीक आज्ञाच ओळखते. दुसरी म्हणजे अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्लेच्या (फोन गाडीच्या पडद्याशी जोडून देणाऱ्या सोयींच्या) मार्गाने बोलणारी फोनमधली सहायक यंत्रणा. अनेक गाड्यांत बटण थोडक्यात दाबले तर पहिली जागी होते आणि दाबून धरले तर दुसरी. माझ्याकडे तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी पुष्कळांचा घोटाळा इथेच असतो, कारण कधी एकीशी आणि कधी दुसरीशी आपण बोलत आहोत हे त्यांना माहीतच नसते, आणि म्हणून कालपर्यंत लागणारा फोन आज का लागत नाही याचा उलगडा होत नाही. दोघींच्या सुरुवातीच्या टुणकाऱ्याचा आवाज वेगळा असतो. वडिलांना तो चार-पाच वेळा ऐकवावा, आणि दोन्हींपैकी एकच निवडून तीच वापरण्याची सवय लावावी.

कोणती निवडावी? फोनमधली सहायक यंत्रणा मोकळेपणाने बोललेले जास्त चांगले समजते, परंतु तिला बहुधा इंटरनेट लागते. घाटात किंवा गावांमधल्या मोकळ्या पट्ट्यात कित्येकदा साधा फोन लागतो पण इंटरनेट रेंगाळते, आणि तेव्हा ही यंत्रणा नाव ऐकून नुसतीच थांबून राहते. गाडीची स्वतःची यंत्रणा इंटरनेटवाचून चालते, मात्र ती शिस्तीची आहे. आधी ‘कॉल’, मग नाव, आणि एका नावापुढे दोन क्रमांक असतील तर ‘मोबाइल’ की ‘होम’ हे तिला याच क्रमाने हवे असते. ज्यांना मोजक्या दहा-पंधरा लोकांनाच फोन करायचा असतो अशा ज्येष्ठ चालकांना मी शक्यतो गाडीचीच यंत्रणा शिकवतो. ती कमी हुशार असली तरी रोज एकसारखी वागते.

आता नावांकडे येऊ, कारण मराठी माणसाची खरी अडचण तिथे आहे. नावे मुळातच गाडीत उतरली आहेत का, हे आधी तपासावे. जोडणी करताना फोन एक परवानगी विचारतो, की संपर्कयादी आणि कॉलची नोंद या गाडीला द्यावी का. घाईत किंवा भीतीपोटी तिथे ‘नाही’ दाबले गेले असेल तर फोन जोडलेला दिसतो, गाणी वाजतात, आलेला फोन उचलताही येतो, पण नाव घेऊन एकही फोन लागत नाही. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये गाडीच्या नावासमोर ही परवानगी पुन्हा देता येते.

नावे उतरली असतील तर पुढचा प्रश्न उच्चारांचा. यंत्रणा आपला आवाज नावाच्या अक्षरांशी थेट जुळवत नाही. लिहिलेल्या नावाचा उच्चार कसा असेल याचा ती आधी स्वतःच्या नियमांनी अंदाज बांधते आणि मग आपण काढलेला आवाज त्या अंदाजाशी ताडून पाहते. भाषा इंग्रजी निवडलेली असेल तर नियमही इंग्रजीचे लागतात. रोमन लिपीत साठवलेले ‘मोरे’ ती ‘मोअर’ असे गृहीत धरते, ‘साने’ यांचे ‘सेन’ होते, ‘दाते’ यांचे ‘डेट’, ‘माने’ यांचे ‘मेन’ आणि ‘काळे’ यांचे ‘केल’. वडील स्वच्छ मराठीत ‘काळे’ म्हणतात आणि यंत्रणा ‘केल’ची वाट पाहत असते. दोघांपैकी कोणाचेच चुकत नाही, पण फोन लागत नाही. नाव देवनागरीत साठवलेले असेल तर काही गाड्या ते पडद्यावर चौकोनांच्या रूपात दाखवतात, काही नीट दाखवतात पण आवाजाने ओळखत नाहीत, आणि थोड्याच दोन्ही करतात.

यावर माझा उपाय साधा आहे आणि तो बहुतेक वेळा लागू पडतो. भाषेच्या यादीत ‘इंडियन इंग्लिश’ असेल तर ती निवडावी. त्यानंतर वडील ज्यांना गाडीतून खरोखर फोन करतात अशा दहा-पंधराच व्यक्तींची नावे कानाला जशी ऐकू येतात तशी रोमन लिपीत पुन्हा लिहावी. ‘मोरे’ लिहिताना शेवटी नुसता ‘ई’ न ठेवता ‘ए’ आणि ‘वाय’ लावला की ‘मोअर’ होण्याचे थांबते. नाव आणि आडनाव दोन्ही ठेवावे, कारण एकाच शब्दाचे छोटे नाव यंत्रणेला सर्वांत जड जाते. ‘काका’ आणि ‘काकू’, ‘सुनील’ आणि ‘सुनीता’ या जोड्या इंजिनाच्या आवाजात तिला जवळजवळ सारख्याच वाटतात, म्हणून तिथे ‘सातारा काका’, ‘सुनीता बँक’ असा वेगळा ओळखू येणारा शब्द जोडावा. नावापुढची चित्रे, ठिपके, कंसातला मजकूर आणि जुन्या फोनमधून आलेल्या दुहेरी नोंदी काढून टाकाव्यात. फोनच्या संपर्कयादीत उच्चार लिहिण्याची वेगळी जागाही असते. फोनमधली सहायक यंत्रणा तिचा उपयोग करू शकते, पण गाडीची स्वतःची यंत्रणा तो उच्चार वाचेलच असे धरून चालू नये. बदल केल्यावर गाडीत संपर्कयादी पुन्हा उतरवून घ्यायची हे विसरू नये. नाहीतर गाडी जुनीच नावे धरून बसते आणि केलेले श्रम वाया गेले असे वाटते.

मराठीत आज्ञा देता येईल का, असेही आपण विचारले आहे. गूगल असिस्टंट, म्हणजे गूगलची फोनमधली सहायक यंत्रणा, २०१८ पासून मराठी समजतो. मात्र हातातल्या फोनवर चालणारी भाषा गाडीच्या पडद्यावर तशीच चालेल असे गृहीत धरू नये. उभ्या गाडीत दहा नावे घेऊन पाहावी, आणि त्यांपैकी दोनपेक्षा जास्त अडली तर निःसंकोच इंग्रजी आज्ञांकडे वळावे. मराठीत व्हावे अशी माझीही मनापासून इच्छा आहे, पण रस्त्यावर मला भाषेपेक्षा खात्री महत्त्वाची वाटते.

आपल्याकडच्या फोनमध्ये दोन सिम असतात आणि त्यातून एक अडचण उभी राहते, जिच्याविषयी गाडीच्या पुस्तिकेत क्वचितच काही लिहिलेले सापडते. नाव बरोबर ओळखले जाते, ‘कॉलिंग’ असे ऐकूही येते, आणि पुढे काहीच होत नाही. कारण खिशातल्या फोनच्या पडद्यावर ‘कोणत्या सिमवरून?’ असा प्रश्न उत्तराची वाट पाहत थांबलेला असतो. मग चालक खिशात हात घालतो, म्हणजे जे टाळायचे होते तेच घडते. फोनच्या सेटिंगमध्ये कॉलसाठी एक सिम कायमचे ठरवून दिले की हा प्रश्न पुन्हा येत नाही. आपल्या वडिलांच्या बाबतीत हे काम सर्वांत आधी करावे असे मी सुचवीन.

प्रतिध्वनीची तक्रार बहुधा गाडीतल्या आवाजाच्या पातळीमुळे असते. पलीकडच्या माणसाचा आवाज गाडीच्या स्पीकरमधून येतो, तो छतावरच्या माइकमध्ये शिरतो आणि परत त्याच्याकडे जातो. हा परतीचा आवाज ओळखून कापण्याची सोय यंत्रणेत असते, पण स्पीकर फार मोठा ठेवला की तिची क्षमता अपुरी पडते. कॉलचा आवाज गाण्यांच्या आवाजापासून वेगळा साठवला जातो आणि तो कॉल चालू असतानाच कमी-जास्त होतो, म्हणून कॉल चालू नसताना आवाजाचे बटण कितीही फिरवले तरी फरक पडत नाही. उभ्या गाडीतून स्वतःच वडिलांशी बोलत ही पातळी एकदा ठरवून द्यावी. माइक बहुतेक गाड्यांत छतावरच्या दिव्याजवळ किंवा आरशापाशी असतो. आतून गाडी स्वच्छ करताना फवारलेला फेस तिथल्या बारीक छिद्रांत सुकला की आवाज बुजतो. पावसाळ्यात पुढच्या काचेवरची वाफ घालवण्यासाठी ब्लोअर पूर्ण वेगाने काचेकडे सोडतात, तेव्हा ती हवा काचेवरून चढून थेट माइकवर आदळते, आणि ‘आवाज घुमतोय, काही कळत नाही’ अशी तक्रार येते. बोलायच्या आधी ब्लोअर दोन टप्पे कमी करणे एवढाच त्यावर उपाय आहे.

गाडी आणि फोन दोन्ही नवे असतील तर आवाज स्पष्ट असायला हवा. ब्लूटूथच्या जुन्या पद्धतीत सेकंदाला ८,००० नमुने घेऊन आवाज पाठवला जाई, आणि त्यात स, श, फ या वर्णांना ओळख देणारा वरच्या पट्टीचा भाग गळून पडे. २०११ मध्ये आलेल्या सुधारणेने हे प्रमाण १६,००० वर नेले. दोन्ही बाजूंपैकी एक जुनी असेल तर मात्र जोडणी जुन्याच पद्धतीवर उतरते.

आता आपल्या खऱ्या चिंतेकडे वळतो. कायद्यापुरते उत्तर छोटे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने, गाडी चालवताना हातात धरलेले संपर्कसाधन वापरणे हे धोकादायक वाहन चालवण्यात गणले जाते. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनी असे साधन केवळ रस्ता पाहण्यासाठी, आणि तेही लक्ष विचलित न होता, वापरण्यास मुभा दिली. गाडीत बसवलेल्या यंत्रणेवरून, फोन हातात न घेता केलेले बोलणे ‘हातात धरलेले साधन’ या शब्दांत बसत नाही. पण कायदा ज्याला दंड करत नाही ते सुरक्षित असतेच, असे आपण समजू नये.

टोरोंटोमध्ये डॉनल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी या संशोधकांनी अपघात झालेल्या ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या होत्या. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट आढळला, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या साधनांनी तो कमी झाल्याचे दिसले नाही. पुढे अमेरिकेत युटा विद्यापीठातील डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाडीतल्या आवाजी यंत्रणांचा अभ्यास केला. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार सर्वांत त्रासदायक यंत्रणांच्या बाबतीत आज्ञा देऊन झाल्यावरही २७ सेकंदांपर्यंत चालकाचे लक्ष पूर्णपणे रस्त्यावर परत आलेले नसते. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी २७ सेकंदांत ६०० मीटर जाते. डोळे समोर असतात, पण डोळ्यांना दिसलेले मनापर्यंत पोहोचत नाही.

हे मी स्वतः अनुभवले आहे. काही वर्षांपूर्वी वाईला जाताना खंबाटकी घाट उतरल्यावर एका ग्राहकाशी गाडीच्या यंत्रणेवरून बोलत होतो. हात स्टीअरिंगवर होते, वेग मर्यादेत होता, आणि बोलणेही काही भांडणाचे नव्हते. वाईकडे वळायचा सुरूर फाटा केव्हा गेला हे मला कळलेच नाही. पुढचे भुईंज गाव आले तेव्हा लक्षात आले. त्या दहा-बारा मिनिटांतला रस्ता मला आजही आठवत नाही, आणि त्या रस्त्यावर एखादे पोर धावत आले असते तर काय झाले असते, हा विचार तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही. स्ट्रेयर यांच्याच गटाने सिम्युलेटरवर, म्हणजे गाडी चालवण्याचा आभास देणाऱ्या यंत्रावर, केलेल्या एका प्रयोगात फोनवर बोलणारे चालक ठरलेले वळण चुकण्याचे प्रमाण शेजारच्या सोबत्याशी बोलणाऱ्यांपेक्षा बरेच जास्त आढळले होते. कारण समजण्यासारखे आहे. शेजारी बसलेल्या माणसाला समोरचा ट्रक दिसतो आणि तो बोलता बोलता थांबतो. फोनवरच्या माणसाला तो ट्रक दिसत नाही.

म्हणून माझे मत असे आहे की ही यंत्रणा बंद करून टाकू नये, पण तिचा उपयोग निरोपापुरता ठेवावा. ‘कराड सोडले, सव्वा तासात पोहोचतो’, ‘उशीर होईल, जेवून घ्या’ एवढे बोलणे अर्ध्या मिनिटात संपते. आलेला फोन उचलला तरी पहिले वाक्य ‘मी गाडी चालवतो आहे, थांबलो की करतो’ हे असावे. आजार, पैसा, जमीन, घरातले मतभेद यांतला कुठलाही विषय निघाला तर पुढच्या पेट्रोल पंपावर थांबूनच बोलावे. घाट, बाह्यवळणावर मिसळणारी वाहने, जोराचा पाऊस आणि गावातून जाणारा रस्ता या चार ठिकाणी बटणाला हात लावू नये आणि वाजणारा फोन वाजू द्यावा. यात आपलाही वाटा आहे. वडील रस्त्यावर असतील त्या वेळी आपण स्वतः फोन करू नये. त्यांच्या काळजीपोटी दर तासाला केलेला फोन त्यांना अधिक असुरक्षित करतो, हे मला अनेक मुलामुलींना समजावून सांगावे लागले आहे.

सराव आपण शेजारी बसून उभ्या गाडीत घ्यावा. बटण दाबणे, टुणकारा पूर्ण ऐकणे, मग अर्धा क्षण थांबून नेहमीच्या आवाजात, न ओरडता, अक्षरे न तोडता बोलणे. टुणकाऱ्याच्या आधी बोललेला पहिला शब्द यंत्रणेला ऐकूच जात नाही, आणि नाव न ओळखण्याचे हेही एक मोठे कारण आहे. ज्येष्ठ माणसे यंत्राने ऐकले नाही की हळूहळू एकेक अक्षर सुटे करून बोलतात. लहान मुलाशी तसे बोललेले चालते, पण यंत्र त्याने आणखीच गोंधळते. दोनदा नाव ओळखले गेले नाही तर तिसरा प्रयत्न गाडी थांबवून, हा नियम वडिलांकडून मान्य करून घ्यावा. मदतीचे क्रमांक आकड्यांनी सांगत बसण्यापेक्षा नावाने साठवावे. पुणे–कोल्हापूर हा राष्ट्रीय महामार्ग असल्याने १०३३ हा तिथला मदतक्रमांक आहे, आणीबाणीसाठी ११२ आहे आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. ‘हायवे हेल्प’ असे स्पष्ट दोन शब्दांचे नाव दिले की यंत्रणा ते सहसा चुकत नाही.

आणखी एक छोटी बाब. आलेले संदेश मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय बंद करावी. देवनागरी संदेश ती धड वाचत नाही, आणि बँकेचा एकदाच वापरायचा संकेतांक (ओटीपी) गाडीतल्या सर्वांना ऐकू गेलेला चांगला नाही. गाडीतून बोलताना शेजारी कोण आहे हेही पलीकडच्या माणसाला सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

आता जुन्या गाडीविषयी. तिच्यातही वडिलांचा फोन जोडलेला असेल तर त्यांची संपर्कयादी आणि कॉलच्या नोंदी त्या गाडीच्या यंत्रणेत अजून असू शकतात. शिवाय दोन्ही गाड्या शेजारी उभ्या असतील तर फोन चुकून जुन्या गाडीला जाऊन जोडला जातो, आणि नव्या गाडीत बसलेल्या वडिलांना वाटते की नवी यंत्रणा बिघडली. गाडी चुलतभावाच्या हाती देण्यापूर्वी तिच्या सेटिंगमधून जोडलेला फोन काढून टाकावा, सगळी माहिती पुसून यंत्रणा मूळ स्थितीत आणावी, आणि वडिलांच्या फोनमधल्या ब्लूटूथच्या यादीतूनही त्या गाडीचे नाव काढावे. या दोन्ही बाजू पुसल्याशिवाय किल्ली देऊ नये.